आज माग बंद

"सौम्या, आपल्या कंपनीच्या नावानं हे खोटं खातं कुणी काढलंय बघ. आदी ते बंद पाड." रविराजनं मोबाइल तिच्या टेबलावर आदळला. बेळगावच्या वडगावातल्या त्याच्या साडी कारखान्याचं ऑनलाइन काम ती बघायची.

खात्यावर कल्लाप्पांचा हार घातलेला फोटो होता. उभी हयात याच कारखान्यात विणण्यात घालवलेला हा माणूस पहाटे गेला होता. फोटोखाली लिहिलं होतं, 'आमच्या कल्लाप्पांच्या जाण्यानं आज कंपनीचे सगळे माग बंद आहेत.'

गल्लीतल्या घराघरांतले माग खरंच थांबले होते. भिंतीपलीकडं रविराजचे तेवढे खडखडत होते.

"सकाळधरनं यापाऱ्यांचे फोन यायलेत, आज माल न्हाई काय म्हणून," तो करवादला. पण खालच्या प्रतिक्रिया वाचता वाचता त्याचा सूर निवळला. "मालक असावा तर असा, म्हणायलेत की गं लोक. ऱ्हाऊ दे, बंद करू नको. आपल्या खऱ्या खात्यावर बी हेच टाक. खाली नव्या साड्यांचे फोटो जोड."

"मग माग थांबवायला सांगू, अण्णा?"

"माग कशाला? फोटोत आवाज येतोय व्हय?"

सौम्याला शिसारी आली. मनाची नाही तर निदान जनाची तरी लाज वाटेल याला, म्हणून ते खातं सकाळी तिनंच काढलं होतं.