ठरावाच्या विरोधात

हंबीररावांनी पुस्तक टेबलावर पालथं ठेवलं. मुखपृष्ठावरची बाई कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून.

“अश्लील हाय. कपाटातनं काढावं, असा माझा ठराव हाय.”

कसबा बावड्याच्या त्या छोट्या वाचनालयात हंबीरराव दर बैठकीला हा ठराव मांडत आणि अण्णासो दर बैठकीला तो पाडत. मग दोघं एकाच स्कूटरवरून घरी जात, वाटभर भांडत. अण्णासो सूर्य मावळायच्या आत जेवत, म्हणून बैठक दुपारी चारला असायची. ते जाऊन महिना झाला, तरी आजही ती चारलाच होती. त्यांच्या खुर्चीवर त्यांची मुलगी दीपा बसली होती.

विरोधात कोण बोलणार, असं अध्यक्ष पूर्णिमाताईंनी विचारलं. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय मत घ्यायचं नाही, हा नियम अण्णासोंनीच घालून दिलेला. सगळ्यांनी दीपाकडे पाहिलं. अण्णांचे मुद्दे तिला तोंडपाठ होते. ती उभी राहिली. पहिलं वाक्य अर्ध्यावरच सोडून ती खाली बसली.

राहू दे पोरीला, कुणीतरी म्हणालं, या खेपेला एकमतानं मंजूर करून टाकू. दीपाने मान खाली घातली. अण्णांनी इतकी वर्षं राखलेलं पुस्तक आज तिच्या गप्प बसण्यानं जाणार होतं.

“एकमतानं कसं?” हंबीरराव उठले. “विरोधात बोलायचं ऱ्हायलंय की.”

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला सावकाश पुसला, अण्णासो पुसत तसा. एरवी चौकात ऐकू जाणारा त्यांचा आवाज खाली आला.

“हे पुस्तक मी अर्धं वाचलं. लाज वाटली, मिटून ठेवलं. मिटायला मला कुणाची परवानगी लागली नाही. मग दुसऱ्याला उघडायला माझी का लागावी? घाण काय, ते आज हंबीरराव ठरवतील. उद्या दुसरा कुणी येईल आणि हंबीररावांच्या आवडीची पुस्तकं घाण ठरवेल. तेव्हा त्यांच्या बाजूनं बोलायला मी असेनच असं नाही.”

दीपा बघत राहिली. अण्णा शब्दन् शब्द हेच म्हणत. फक्त हंबीरराव नाही, हंब्या म्हणत.

ठराव मांडणाऱ्याने आता उत्तर द्यावं, असं पूर्णिमाताईंनी रीतीप्रमाणे सांगितलं.

हंबीररावांना चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवायला वेळ लागला.

“आता काय बोलू, ताई? अण्णानं सगळं खोडून काढलं की.”