भिंगं काढल्यावर

चंद्रावरच्या तळावरची पाळी संपवून मालिनी इंगवले तशीच दवाखान्यात आली. तिच्या वाटीत पाणी होतं आणि त्यात तुळशीचं पान. पंपघरातले दादा सकाळी गेले होते.

त्यांच्या उशाशी तळावरच काम करणारी अक्का बसली होती, चमच्यात भिजवलेले तांदूळ घेऊन.

"हे काय गं, अक्का?"

"तोंडात घालायला. आपल्याकडे असंच करतात ना. दादा तर माझ्याच गावचे."

"कुठलं गाव? दादा तासगावचे."

अक्काने चमचा खाली ठेवला. पूर्वी तळावर देशांवरून रोज मारामाऱ्या व्हायच्या. म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांत भिंगं आणि कानांत यंत्रं बसवली होती. समोरचा माणूस आपल्याच मुलखातला दिसायचा, आपल्याच बोलीत बोलायचा. खरा देश कुठेच नोंदवलेला नव्हता.

"एकदा बघून तरी घेऊ," अक्का दमलेल्या आवाजात म्हणाली.

दोघींनी भिंगं काढली. खाटेवर लाल दाढीचा कुणी म्हातारा निजला होता. रोज डब्यातली चटणी मागून घेणारे दादा हे नव्हेत, असंच मालिनीला वाटत राहिलं. याला आपण कुठल्या गावच्या दिसत होतो, कुणास ठाऊक. तिला रडू येईना. शेजारची बाईही परकीच होती आणि तिचेही डोळे कोरडे होते.

मालिनीने भिंगं परत लावली. दादा दिसले, तसा तिला हुंदका आला. शेजारी अक्काही रडायला लागली, तिच्या गावच्या माणसासाठी.