नवीकोरी प्रिंट

त्याने टाचणी उचलली, फिल्मवर धरली आणि पुन्हा खाली ठेवली. जन्मभर दुसऱ्यांनी पाडलेले ओरखडे पुसणारा हात, तो असा सहजासहजी कसा वळणार? बाहेरच्या खोलीत आई येऊन बसली होती. डोळ्यांनी तिला आता फारसं दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते आणि तोंड तर त्याहून.

"अरे, सापडलीय ना? मग आण की बाहेर! का नटवून थटवून आणतोयस?"

प्रिंट सापडली होती. सिनेमा नुकता बोलायला लागला होता, तेव्हाचा तो बोलपट. लग्नाआधी आईने केलेला पहिला आणि शेवटचा. झाडामागे माइक लपवून, कॅमेऱ्यासमोर उभं राहून तिने त्यात एक गाणं म्हटलं होतं. तिला स्वतःलाही ते पडद्यावर कधी ऐकायला मिळालं नव्हतं. जुन्या बोलपटांच्या बऱ्या प्रिंट शोधून त्या सांभाळायच्या, हे मुलाचं काम. लोकांचे सिनेमे मिळत गेले, आईचा मात्र हुलकावण्या देत राहिला. बाबांनी ज्या ज्या गावांची नावं घेतली होती तिथली सगळी थिएटरं त्याने पालथी घातली. एका ठिकाणी डबा मिळाला, तोही भलत्याच सिनेमाचा निघाला.

आणि परवा त्या सिनेमाच्या वितरकाचं जुनं गोदाम पाडायला काढलं, तेव्हा माळ्यावर मोडक्या खुर्च्यांमागे सगळे डबे एकावर एक रचलेले. त्याला तिथेच नाचावंसं वाटलं. एक रेघ नाही, एक जोड नाही, कडेची भोकं धारदार, आवाजाची पट्टी लख्ख. इतकी चांगली प्रिंट त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. मग त्याने एकदम डब्याचं झाकण लावून टाकलं.

कारण बाबा काही वेगळंच सांगायचे. बाबा याच वितरकाकडे नोकरीला, सिनेमाच्या पेट्या घेऊन गावोगाव हिंडायचे. फिरतीवरून आले की पहिला घास तोंडात जायच्या आत सुरू. "अगं, काय सांगू तुला! तुझं गाणं लागलं आणि लोक खुर्च्या सोडून उभे! ऑपरेटरला रीळ मागे गुंडाळायला लावलं, पुन्हा पुन्हा!" चिडलेल्या ऑपरेटरची नक्कलही करून दाखवायचे. कंपनी बुडाली म्हणून तिला दुसरा सिनेमा मिळाला नाही, आणि पहिल्याची जी एकच प्रिंट निघाली होती, तिच्या चालून चालून चिंध्या झाल्या, ही घरातली गोष्ट. या एका गोष्टीवर आईने उभा संसार काढला होता. बाबा गेल्यावर तर तिच्याजवळ तेवढीच उरली होती.

आणि ही प्रिंट एकदाही यंत्रावर चढली नव्हती.

मूळ प्रिंट तो कधीच चालवत नसे. दुसरी प्रत काढून आईला गाणं ऐकवलं असतं, पण तिचं तेवढ्याने भागणार नव्हतं. लग्नानंतर तिने त्याच वितरकाकडे रिळं तपासायचं काम केलं होतं. आपला सिनेमा मात्र आपल्या हाती कधी आला नाही, असं ती सांगायची. फिरून आलेली प्रिंट हाताने गुंडाळायची, कडेवरून बोटं फिरवायची आणि कुठे फाटली, कुठे जोडली, किती चालली ते बघून मोकळं व्हायचं. "आधी हात लावीन, मग ऐकेन," असं तिने बजावलं होतं.

"आलो, आलो!" त्याने आतून आवाज दिला, दात आवळले आणि टाचणी ओढली. कुठेच शिल्लक नसलेल्या सिनेमाच्या एकुलत्या एका प्रिंटवर, गाण्याच्या रिळात, त्याने रेघा मारल्या. दोन-तीन भोकं फाडली. मध्ये कात्री लावली, पुन्हा जोडलं.  मग डोळे पुसून तो बाहेर गेला आणि त्याने रीळ आईच्या मांडीवर ठेवलं.

"घे. पार दमलीय बिचारी. बाबा म्हणायचे ते काही खोटं नव्हतं."

आईने बोटं फिरवली. जोड लागला तशी "हं" म्हणाली. रेघेवरून नख नेलं. हसली. मग तिने रिळाचं टोक चाचपलं. सगळं रीळ हळूहळू उलगडून दुसरं टोकही चाचपलं. तिथे तिची बोटं थांबली.

तेव्हा त्याला कळलं. सदऱ्याची बाही आधी मनगटाशी विरते, तसं रीळ आधी टोकांना झिजतं. प्रत्येक ऑपरेटर यंत्रात ओवताना टोकच चुरगाळतो, टोकच कापतो आणि जोडतो. नवख्यांना तो स्वतःच हे पहिल्या दिवशी शिकवायचा. आज घाबरून सगळ्या जखमा मध्येच केल्या, टोकं कोरी राहिली.

आईच्या गालावरून पाणी ओघळलं. तिने ते पुसलं नाही.

"तुझ्या बाबांनाही खोटं धड जमायचं नाही," ती म्हणाली. "ही पेटी गावोगावहून परत आली ना, ती माझ्याच टेबलावर. डब्यांची चिकटपट्टीसुद्धा कुणी सोडवली नव्हती. मीच सोडवली. आणि त्याच संध्याकाळी हे ताटावरून उठून मला टाळ्या वाजवून दाखवत होते."

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"इतकं जीव तोडून सांगायचे रे. कुठल्या तोंडाने बोलणार?"

तो तिच्या पायाशी बसून रडायला लागला. आईने अंदाजाने त्याचं डोकं शोधलं, केसांतून हात फिरवला आणि रीळ त्याच्या हातात दिलं.

"जा, चढव यंत्रावर. एक तरी ओरखडा खरा पडू दे."