पैकीच्या पैकी

“त्यांनी ‘नको’ का दाबलं असेल, काकू?” अमृतानं शेवटी विचारून टाकलं.

सत्यभामाबाईंनी नवऱ्याच्या फोटोकडं पाहिलं. सर्जेरावांच्या फोटोवरचा हार अजून सुकला नव्हता. खुलताबादच्या या घरात अमृता मागं आली होती ती हसतखेळत. मुलं बाहेर असलेल्या म्हाताऱ्यांसाठी तिच्या कंपनीनं मोबाइलवर एक लाल बटण बनवलं होतं. छातीत दुखलं, पाय घसरून पडलं, की ते दाबायचं. सर्जेरावांचा मुलगा इंद्रजीत शेंद्र्याच्या कारखान्यात; त्याला फोन जाणार, अँब्युलन्स निघणार. हे वापरायला लोकांना कितपत सोपं वाटतं, ते मोजणं अमृताचं काम. ती प्रश्न विचारायची, लोक पाचपैकी गुण द्यायचे. सर्जेरावांनी सगळीकडं पाच दिले. गल्लीतल्या बाकीच्यांनीही तेच केलं, आणि ऑफिसात अमृताची कॉलर ताठ झाली.

मग सत्यभामाबाई लेकीकडं गेल्या आणि घरी एकट्या सर्जेरावांच्या छातीत कळ आली. त्यांनी बटण दाबलं. इथवर सगळं बरोबर जमलं. चुकून हात लागला तर उगाच धावपळ नको, म्हणून ॲप पुढं विचारायचं, ‘मदत हवी आहे का?’ खाली ‘हो’ आणि ‘नको’. सर्जेरावांनी ‘नको’ दाबलं. ॲप बिचारं सांगितलेलं ऐकणारं, गप्प बसलं. शेजाऱ्यांनी दार उघडलं तेव्हा फार उशीर झाला होता.

साहेब म्हणाले, माणूस स्वतःच नको म्हणाला, त्याला आपण काय करणार? सोमवारपासून हेच बटण तालुकाभर जायचं होतं. अमृताच्या जिवाला चैन पडेना. बोट थरथरलं असेल? चष्मा नसेल? सुट्टी टाकून ती इथं आली होती, आणि त्या माउलीच्या नजरेला नजर देणं तिला जड जात होतं.

सत्यभामाबाईंनी पदरानं डोळे पुसले. अमृतानं चष्म्याचं विचारलं, तर शेजारी आले तेव्हा तो डोळ्यावरच होता, म्हणाल्या. बोटंही धड होती. आणि ते गुणांचं म्हणशील, तर पोरगी एवढ्या उन्हातून आली, तिला कमी कसे द्यायचे, असं म्हणून सर्जेरावांनी पाच-पाच दिले होते. सारी गल्ली तशीच.

आपण मोजलं तरी काय, हे अमृताला कळेना.

“मग ‘नको’ का, काकू?”

“भिडस्त माणूस, पोरी. घरात मी भाकर वाढू का म्हणलं तरी आधी नकोच म्हणायचे. पावण्याकडं तर तिसऱ्यांदा इचारल्याबिगर पाण्याला हात लावला नाय कधी.” त्यांनी फोटोवरचा हार नीट केला. “तुमच्या मोबाइलनं एकदाच इचारलं. आग्रह कुठं केला?”