कोरडी भेट

खाणीसाठी उठवलेल्या बंजारा तांड्याला नव्या प्लॉटांवर येऊन वर्ष झालं होतं. कुणाच्या मनाला किती लागलंय हे तपासायला समुपदेशक निकिता आली होती. “रडू येतं का?” तिने विचारलं. साऱ्या बाया हो म्हणाल्या, मानीबाई तेवढी म्हणाली, “मले काईच होत नाही.” निकिताने तिला उपचारांतून वगळलं. तेवढ्यात उमरखेडहून मानीबाईची बहीण आली. एकेकीच्या गळ्यात पडून ती सुरात रडली, बायाही रडल्या आणि लगेच डोळे पुसून हसल्या. निकिता बावरली. “घाबरता काहून मॅडम?” एक म्हातारी म्हणाली. “आमच्यात भेटीले असंच रडतात. नाही रडलं तं पाहुणी रुसते ना!” शेवटी बहीण मानीबाईच्या गळ्यात पडली, रडली, अन् तिच्या रडण्याची वाट पाहत राहिली. मानीबाईने तिची पाठ थोपटली. “चहा मांडू?” बहिणीचा सूर तुटला. ती निकिताकडे वळली. “मॅडम, हिले काय झालं?”