बिनऔषधाच्या सहा ओळी

"लाल फीत बांधलेल्या ओळीत अर्काचा थेंबही पडू देऊ नका, ताई," निकेशने तिसऱ्यांदा सांगितलं.

"समजलं न भाऊ. मी का लहान पोरगी आहो?" ज्योत्स्ना म्हणाली.

एटापल्लीच्या अलीकडच्या त्या गावात बोअरचं पाणी खारं. हरितगृहातल्या ढोबळी मिरचीच्या पानांच्या कडा जळत चालल्या होत्या. निकेशच्या संस्थेने समुद्री शेवाळाचा अर्क आणला होता. तो मुळाशी गेला की झाड खार सोसतं म्हणे. सहा ओळींना अर्क, लाल फितीच्या सहांना नुसतं पाणी. फरक दिसला तर वर्षभर अर्क मिळणार, हरितगृह चालू राहणार. नाहीतर बंद.

बंद झालं तर ज्योत्स्नाला मिरची तोडायला तेलंगणात जावं लागणार होतं, लेकीला, दिव्यानीला, सासूजवळ ठेवून. मागच्या साली नवरा त्याच कामाला गेला. त्याची पिशवी तेवढी परत आली. तेव्हापासून ती रडली नव्हती, हसलीही नव्हती.

दर सोमवारी ती ड्रममध्ये अर्क मोजून कालवी, दिव्यानीला शाळेत पोचवी आणि परत येऊन एकेका झाडाला मगभर घाली. लाल फितीच्या ओळी केसरबाईकडे, तिच्या सासूकडे होत्या. ती आधीच बादली रिकामी करून मोकळी झालेली असे.

"नुसतं पाणीच घातलं न, माय?"

"मले का दिसत नाई फीत? तू आपल्या ओळी पाहाय."

सातव्या आठवड्यात निकेश आला. त्याने पानं उलटून पाहिली, फळं मोजली. बाराही ओळी सारख्याच हिरव्या.

"दोन्हीकडे सारखंच आहे, ताई. म्हणजे हवेनंच सावरलं असेल. अर्काचा गुण नाही दिसत."

"पाणी त अजून खारंच हाय."

"हो. पण मला फरक दाखवावा लागतो." त्याने कागदावर 'फरक नाही' असं लिहिलं आणि गाडीला किक मारली.

ज्योत्स्ना घरात गेली. दोन लुगडी, एक चादर घडी करून पिशवीत भरू लागली. हात आपले चालत होते.

केसरबाई दारात येऊन टेकली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता.

"सारख्याच हिरव्या म्हणे न तो? एका पंगतीत बसवून अर्ध्याईले पाण्यावर उठवाव का, बाई? तू शाळेत गेली का तुह्या ड्रममधलं अर्ध काढून, वरून तेवढंच पाणी टाकून त्याईलेबी वाढलं मी."