वायर काढल्यावर

नवरा आजारी पडल्यापासून, आणि तो गेल्यावरही, प्रयोगशाळेतला त्याचा जुना स्पेक्ट्रोमीटर, प्रकाश तपासायचं यंत्र, तीच चालवत होती. कॉम्प्युटरवर हुकूम टाइप केला की तो सिरियल पोर्टच्या वायरीतून यंत्राकडे जाई आणि यंत्र "ओके" एवढंच उत्तर देई. दुसरा शब्द त्याला येतच नव्हता.

आज ते भंगारात निघालं. नवऱ्याचा दोस्त असलेल्या मेकॅनिकने वायर काढून तिचं भेंडोळं तिच्या हातात दिलं.

"हातगाडी आणतो, वहिनी. तोवर निरोप घ्या याचा."

तो गेला. सवयीने तिने यंत्रातला दिवा विझवायचा हुकूम टाइप केला. वायर तर मांडीवरच होती. तिचं तिलाच हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले.

तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटायला लागली, नवरा एका बोटाने टाइप करायचा तशी, एकेक करून.

"थोडं बस ना."

दवाखान्यात शेवटच्या दुपारी तो हेच म्हणाला होता. "आलेच," म्हणून ती याच यंत्राच्या कामासाठी उठून आली होती, आणि परत जाईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

ती खुर्चीत बसून राहिली.

बाहेर हातगाडीची चाकं वाजली. पडद्यावर दुसरी ओळ उमटली.

"दार लावून घे."